न्यायाधीश स्मिथ यांनी घातलेला शब्द

बारा वर्षांपूर्वी मी सातव्या महिन्यात असताना नोकरीतला माझा प्रकल्प काढून दुसऱ्याला दिला गेला. कंपनीचं नाव घेत नाही; ती उत्तर व्हर्जिनियात होती एवढंच. "तुम्हाला आता विश्रांती हवी," असं फार गोड शब्दांत सांगितलं गेलं. बाळंतपणानंतर परत गेले तर प्रकल्पही नव्हता आणि पदही. तक्रारीच्या फॉर्मवर चौकोन होते : वंश, वर्ण, लिंग, धर्म, मूळ देश वगैरे. मी 'लिंग'वर खूण केली. मग साहेबांचं एक वाक्य आठवलं, "तुमच्याकडे बायका मुलं झाल्यावर घरीच राहतात ना?" आणि 'मूळ देश'वरही केली.

पुढे प्रकरण तडजोडीवर मिटलं. पण वकीलबाई बोलता बोलता म्हणाल्या, की यातला 'लिंग' हा शब्द कायद्यात ज्यानं घातला, त्याला तो कायदाच नको होता. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हॉवर्ड वर्थ स्मिथ. जन्म 1883, व्हर्जिनियातलं ब्रॉड रन. आधी न्यायाधीश, म्हणून आयुष्यभर 'जज स्मिथ'. 1931 ते 1967 अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात. पक्ष डेमोक्रॅटिक. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांची सत्ता सांभाळणारा पक्ष तोच होता. रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांनी 1938 साली स्मिथना पाडायचा प्रयत्न केला आणि हात हलवत परतले. 1940 चा स्मिथ कायदा त्यांचाच. त्याखाली पुढे कम्युनिस्ट नेत्यांना तुरुंगात घातलं गेलं. कामगार संघटनांचे ते वैरी, आणि काळ्यांना समान हक्क देण्याला त्यांचा उघड विरोध.

1955 पासून ते रूल्स कमिटीचे अध्यक्ष होते. या समितीच्या हातात सभागृहाची कडी असते : विधेयक कधी आणि कोणत्या अटींवर चर्चेला येणार ते ती ठरवते. अडवायचं असेल तर भाषण करावं लागत नाही, बैठकच बोलवायची नाही. 1957 साली नागरी हक्कांचं विधेयक आलं तेव्हा स्मिथ वॉशिंग्टन सोडून शेतावर गेले. कारण काय, तर गोठा जळाला. सभापती रेबर्न यावर म्हणाल्याचं सांगतात, की विधेयक अडवायला जज काहीही करतील हे ठाऊक होतं, पण आग लावतील असं वाटलं नव्हतं. ही गोष्ट सांगताना सगळे हसतात. मीही हसले. त्या रखडलेल्या महिन्यांत कुणाची मुलं कोणत्या शाळेबाहेर उभी होती, ते मागाहून आठवलं.

8 फेब्रुवारी 1964, शनिवार. नागरी हक्क विधेयक सभागृहात. नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात स्मिथनी दुरुस्ती सुचवली : 'लिंग' हा शब्दही घाला. सोबत त्यांनी एका बाईचं पत्र वाचून दाखवलं. देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, मग नवऱ्यांचा तुटवडा सरकार कसा भरून काढणार, असा त्यात सवाल. सभागृह खदखदलं. मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की बायकांना दुय्यम समजतात याला पुरावा हवा होता, तर हे हसणंच पुरेसं आहे. दुरुस्ती 168 विरुद्ध 133 मतांनी मंजूर झाली. दोन दिवसांनी अख्खं विधेयक 290 विरुद्ध 130 नं पार पडलं. स्मिथ यांचं मत विरोधात होतं.

आपल्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड पोखरत जातो आणि योगायोगानं अक्षर उमटतं. त्याचं श्रेय किड्याला कुणी देत नाही. पहिल्यांदा मला हे इतकं चपखल वाटलं, की विषय संपला असंच समजले. हेतू वाईट, फळ चांगलं. फळ घ्यावं आणि पुढे जावं.

पण वाचत गेले तसं ते सैल पडलं. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला स्मिथ अनेक वर्षं पाठिंबा देत आले होते. अ‍ॅलिस पॉल यांच्या नॅशनल वुमन्स पार्टीशी त्यांचा जुना संबंध होता आणि दुरुस्तीचा आग्रहही तिथूनच आला होता. काळ्या स्त्रीला जे संरक्षण मिळणार ते गोऱ्या स्त्रीला का नाही, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे किड्याला अक्षरओळख होती. विधेयक बुडालं तर उत्तमच, नाही बुडालं तर निदान गोऱ्या बायांचं भलं होईल. न्यायाची एक खरी तळमळ आणि एक हाडीमाशी खिळलेला अन्याय, दोन्ही एकाच वाक्यात. मला सोपा दुष्ट माणूस हवा होता, तो मिळेना.

ग्रिफिथ्स यांचंही चित्र तितकं स्वच्छ राहत नाही. ही दुरुस्ती त्या स्वतः मांडणार होत्या. स्मिथनी मांडली तर दक्षिणेची मतं येतील म्हणून त्या मागे राहिल्या. इथवर मी त्यांच्या बाजूनं. पण भाषणात त्यांनीही गोऱ्या बाईचाच मुद्दा चालवला. ओरेगनच्या ईडिथ ग्रीन यांनी मात्र विरोधात मत दिलं : काळ्यांचा अन्याय मोठा आहे, या शब्दापायी विधेयक धोक्यात घालू नका. नैतिकदृष्ट्या मला ग्रीन सरस वाटतात. आणि त्यांचं ऐकलं असतं तर माझ्या फॉर्मवर तो चौकोन नसता, निदान तेव्हा तरी नसता.

शब्द कागदावर आला म्हणून जिवंत झाला असंही नाही. अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाच्या कार्यकारी संचालकांनी त्याची 'अनौरस' म्हणून थट्टा केली होती. आधी, विधेयक सिनेटमध्ये असताना, तो टिकावा म्हणून पॉली मरी या काळ्या वकीलबाईंनी टिपण लिहिलं होतं. काळ्या स्त्रीला या शब्दाविना अर्धंच संरक्षण मिळेल हे त्यांनी दाखवलं. स्मिथ यांच्या हिशेबात नसलेली बाई ती हीच. मग फ्लोरिडाच्या आयडा फिलिप्स. लहान मुलं असलेल्या बापांना नोकरी मिळते आणि आयांना नाही, म्हणून त्या भांडल्या आणि 1971 साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. गरोदरपण 'लिंग' या शब्दात येतं हे स्पष्ट करायला 1978 साली वेगळा कायदा करावा लागला. 2020 साली त्याच शब्दावरून न्यायालयानं समलिंगी आणि ट्रान्सजेंडर नोकरदारांनाही संरक्षण दिलं. जज स्मिथ हे ऐकून गोठ्यातून बाहेरच आले नसते.

1966 साली, 83 व्या वर्षी, ते पक्षांतर्गत निवडणुकीत 645 मतांनी हरले. मतदारसंघाची फेररचना झाली होती, वॉशिंग्टनची उपनगरं पसरली होती. त्याच उपनगरांत आज आमच्यासारखे लोक राहतात. 1995 साली रूल्स कमिटीच्या दालनात त्यांचं तैलचित्र लागलं तेव्हा काळ्या खासदारांनी हरकत घेतली आणि ते उतरवलं गेलं.

मी तिथे असते तर उतरवण्याच्याच बाजूनं असते. पण माझ्याकडे त्या फॉर्मची प्रत आहे. 'मूळ देश'चा चौकोन राहू नये म्हणून त्या माणसानं जंग जंग पछाडलं होतं. शेजारचा चौकोन त्यानंच आखून दिला. दोन्हींवर मी एकाच बैठकीत खुणा केल्या आहेत, 'मूळ देश'वरची जरा फिकट.