तुकोबांनी आपलाच वाटा बुडविला

सज्जनहो, तुकोबारायांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा येते, टाळ येतात, भंडाऱ्याचा डोंगर येतो. तराजू मात्र येत नाही. पण महाराज आधी देहूचे वाणी होते. घरी पेठेची महाजनकी होती, शेती होती, सावकारी होती, आणि मूळपुरुष विश्वंभरबुवांपासून चालत आलेली पंढरीची वारीही होती. दुकान आणि देव एकाच घरात नांदत होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. दिंडीत चालणारा कोणी किराणा विकतो, कोणी कापड बेततो, कोणी भाता फुंकतो. त्याच्या मनात एक शंका असतेच, की हा प्रपंच सोडल्याशिवाय विठोबा भेटेल काय?

महाराजांचे चरित्रच त्याचे उत्तर देते. आईवडील गेले. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थांना निघून गेले. दुकानाचा भार कोवळ्या वयात महाराजांच्या खांद्यावर आला. इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. गुरे मेली, दिवाळे निघाले, थोरली पत्नी रखमाबाई भुकेने गेली, पाठोपाठ लहानगा संतूही गेला. अशा वेळी महाराजांनी डोंगर जवळ केला. पण तिथेच राहिले नाहीत. खाली उतरले, आणि वडिलांच्या वेळचे पडके विठ्ठलमंदिर पुन्हा उभे केले.

मग आला तो प्रसंग. कुळांनी लिहून दिलेली कर्जखते घेऊन महाराज इंद्रायणीकाठी गेले. सगळीच पाण्यात टाकायची होती. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, की तुम्ही साधू झालात, मला मुलाबाळांचा संसार करायचा आहे. महाराजांनी तिथल्या तिथे खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला.

आता पहा हं, कथेतला हा ‘आपला तेवढा’ आपण घाईघाईने ओलांडून जातो. महाराजांनी भावाला लोभी म्हटले नाही. दान उसन्या पैशाने होत नाही, तसा त्याग दुसऱ्याच्या वाट्याने होत नाही. आणि खते बुडविली ती कोणाची? त्याच दुष्काळातून निघालेल्या कुळांची. भूक काय असते हे ज्याने स्वतःच्या घरात पाहिले, त्याला शेजाऱ्याच्या रिकाम्या कणगीवर व्याज कसे लावावेसे वाटेल?

कोणी विचारील, त्या बुडालेल्या अर्ध्यात जिजाईचा संसार नव्हता काय? होता. हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पदरी मुले, घरात चणचण, आणि तरी ती माउली भाकरी घेऊन भंडारा चढत होती. कीर्तनात तिला कर्कशा करून हशा पिकविणे आम्हांस बरे वाटत नाही. इ.स. १६५० मध्ये महाराज वैकुंठास गेले तेव्हा नारायणमहाराज तिच्या पोटात होते. तिने ते मूल वाढविले, आणि त्याच नारायणमहाराजांनी इ.स. १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला. ज्ञानोबा-तुकोबांच्या गजरात आपण चालतो, त्यामागे त्या बाईचे कष्ट आहेत. आणि ज्यांच्या हाती वाटा ठेवला ते कान्होबाही पुढे अभंग रचणारे भक्तच झाले. न्यायाने वागविलेले घर देवापासून दूर जात नाही.

मग आपण काय करावे? दुकान सोडा असे आम्ही म्हणत नाही. तेरचे गोरोबा, अरणचे सावता, पंढरीचे नरहरी यांनी कुठे धंदा सोडला? पण उधारीची वही एकदा विठोबाला साक्षी ठेवून उघडा. तिच्यात बुडवे असतील, तशी पिचलेलीही असतील. १९७२ च्या दुष्काळात धडधाकट शेतकरी खडी फोडायला गेले, आणि गावोगावच्या लहान दुकानदारांनी पुढच्या पिकाच्या भरवशावर ज्वारी दिली. असा वाणी माळकरी असो वा नसो, त्याने वारीच केली. उलट, पासंग मारून मिळविलेल्या पैशाची वाटेवर पंगत घातली, तर ते अन्नदान कोणाचे? ज्याला कमी मापले त्याचे! आता विजेचे काटे आले, पण काटा बदलला म्हणून हात बदलतो असे नाही.

आणखी एक. देणगी देताना, उधारी सोडताना घरच्या लक्ष्मीला आधी विचारा. आषाढीला तुम्ही निघता तेव्हा दुकान कोण उघडते, म्हाताऱ्यांना औषध कोण देते, हे पाहा. परत आल्यावर तिच्या कपाळी बुक्का लावाल तेव्हा मनात समजा, की ही घरी राहून वारी करून आली आहे. पुढच्या वर्षी तिलाही चालू द्या, आणि आठ दिवस गल्ल्यावर तुम्ही बसा.

आपला वाटा सोडावा, दुसऱ्याचा सांभाळावा, आणि मुखाने नाम घ्यावे. देहूच्या वाण्याने एवढाच व्यवहार शिकविला, आणि त्यात कोणाचे दिवाळे निघत नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!