सत्तर गुणांची वेस

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शुक्रवारची रात्र हायस्कूलच्या फुटबॉलची असते. चेंडू हातात घेऊन धावण्याचा त्यांचा तो फुटबॉल पाहायला सगळं गाव मैदानावर लोटतं. अशा राज्यात १९८४ साली कायदा झाला की सहा आठवड्यांच्या गुणपत्रकात एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले, तर पुढचे सहा आठवडे त्या विद्यार्थ्याने सामन्यात उतरायचं नाही. बँड आणि वादविवाद स्पर्धांनाही हेच लागू. लोकांनी त्याला ‘नो पास, नो प्ले’ असं नाव दिलं. शिक्षणसुधारणा समितीचे अध्यक्ष उद्योगपती रॉस पेरो यांनी हा आग्रह धरला आणि गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी तो कायद्यात उतरवला. १९८६ ची निवडणूक व्हाइट हरले. त्यामागे फुटबॉल प्रशिक्षकांची नाराजीही होती, असं आजही सांगितलं जातं.

मला हा नियम मुळात योग्य वाटतो. शाळेच्या नावाने खेळणारा मुलगा शाळेत शिकतही असावा, ही अपेक्षा रास्त आहे. नियमात अडकतो विद्यार्थी; पण त्याचा भार येतो तो गुण देणाऱ्या शिक्षकावर, आणि याचा विचार फारसा होत नाही.

समजा, बीजगणितात एका मुलाला ६८ गुण पडले. नियम नसता तर या आकड्याचा अर्थ एवढाच, की काही प्रकरणं त्याला नीट समजलेली नाहीत, पुन्हा शिकवायला हवीत. नियम आला आणि त्याच ६८ चा अर्थ झाला की मोसम जेमतेम दहा आठवड्यांचा आणि त्यातला निम्म्याहून जास्त मुलाच्या हातून गेला. शिक्षकाने लिहिला एकच आकडा, पण त्याला आता दोन कामं लागली. मुलाला काय येतं हे सांगायचं आणि तो खेळणार की नाही हेही ठरवायचं. दुसऱ्या कामाकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं, पहिल्याकडे जवळजवळ कुणाचंच नसतं. मग आकडा दुसऱ्या कामाच्या ओढीने सरकू लागतो. मुख्याध्यापक विचारतात, गृहपाठाला किती वजन दिलं? वर्गातल्या सहभागाचे गुण धरले का? प्रश्न गैर नाहीत. पण शेजारच्या बाकावरच्या, न खेळणाऱ्या मुलाच्या ६८ बद्दल ते कुणी विचारत नाही.

१९८८ साली डॅलसच्या कार्टर हायस्कूलमध्ये नेमकं हेच घडलं. शाळा बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांची आणि संघ राज्यातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी. एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला. शिक्षक म्हणाले नापास, शाळेने वेगळी बेरीज करून त्याला पास ठरवलं. तक्रारी झाल्या, राज्याच्या शिक्षण आयुक्तांपर्यंत गेल्या, तिथून न्यायालयात. न्यायालयाच्या आधाराने संघ खेळत राहिला आणि डिसेंबरमध्ये राज्यविजेता ठरला. पुढे ते विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि अंतिम सामन्यात हरलेल्या कॉन्व्हर्स जडसन शाळेला मिळालं. शिक्षकाची त्या शाळेतून बदली झाली. एका मुलाला बीजगणित कितपत येतं, हे न्यायाधीशांनी ठरवायची वेळ आली. आणि खटल्याच्या त्या आठवड्यांत त्याला ते कुणी शिकवलं का, हा प्रश्न मागेच पडला. मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं.

नियमाला दुसरीही पळवाट होती. काही प्रगत अभ्यासक्रमांना सूट होती, पण बेताच्या मुलाला तिचा उपयोग नव्हता. त्याच्यापुढे मोकळा रस्ता एकच, सोपा विषय घेण्याचा. अभ्यास वाढावा म्हणून केलेला नियम काहींना अभ्यासापासून दूर नेऊ शकतो तो असा.

१९९५ साली बंदी सहावरून तीन आठवड्यांवर आणली. काहींना ती ढिलाई वाटली, मला सुधारणा वाटते. बंदीच्या काळात सराव करता येतो, आणि तीन आठवड्यांनी गुण पुन्हा पाहिले जातात. सुधारले असतील तर मुलगा परत मैदानावर. मागे पडलेल्या मुलाकडे कुणीतरी दर तीन आठवड्यांनी पाहतं, हे या नियमाचं खरं बळ आहे. शिक्षा लहान झाली की आकडा वाकवण्याचा मोहही लहान होतो.

महाराष्ट्रात ओघ उलट्या बाजूने वाहतो. शालेय स्पर्धांची पात्रता मुख्यतः वयावर ठरते: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. इथे खेळच गुणांना हात देतो. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. त्यामुळे टेक्सासमध्ये गणिताच्या शिक्षकावर येणारा दाब इथे जन्मतारखेवर आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर येतो. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले. खरा घाम गाळलेल्या मुलालाही त्यापायी पडताळणीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

दोन्हीकडे उपाय एकाच जागी आहे असं मला वाटतं: दाब यायच्या आधी आकडा पक्का करणं. कोणत्या कामाला किती गुण, हे शाळेने सत्राच्या पहिल्या आठवड्यात लिहून जाहीर करावं. तेव्हा कोण नापास होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि आपल्याकडे स्पर्धा संपेल त्याच संध्याकाळी खेळलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि निकाल जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे नोंदला जावा. मग चार वर्षांनी नोकरीच्या अर्जाला जोडलेलं प्रमाणपत्र खरं की खोटं, हे त्या नोंदीवरूनच कळेल.