हातात फक्त लाठी

धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून १६०० मीटर धावतो, मग गोळाफेक. गेल्या २६ नोव्हेंबरला त्याचा मेसेज आला, "ताई, ओंबळे साहेबांवर कॅप्शन लिहून दे. लाठीचं टाक, लोकांना आवडतं."

लोकांना आवडतं, हे मला चांगलंच ठाऊक आहे. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी तुकाराम ओंबळेंवरच बोलले होते. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, अडवलेली स्कोडा, कसाबची एके-४७, तिची नळी घट्ट धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक. "आणि हातात काय होतं? फक्त लाठी!" इथे मी थांबायचे. टाळ्या यायच्या. पहिलं बक्षीस मिळालं.

पप्पा हवालदार. बंदोबस्तावरून थेट कार्यक्रमाला आलेले. घरी जाताना म्हणाले, "छान बोललीस." मग बऱ्याच वेळाने, "पण टाळ्या नेमक्या कशाला पडल्या गं?"

तेव्हा मला वाटलं, पप्पा दमलेत.

आता वाटतं, टाळ्या एका कमतरतेला पडल्या होत्या. ओंबळेंचं शौर्य खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यांना अशोकचक्र मिळालं, २०२१ साली कोळ्याच्या एका नव्या प्रजातीलाही त्यांचं नाव दिलं गेलं (इसियस तुकारामी, मला हा सन्मान पुतळ्यापेक्षाही आवडतो). पण आम्ही गोष्ट अशी सांगतो की त्यांच्याकडे काही नव्हतं हीच तिची शोभा होते. ज्याची लाज वाटायला हवी, त्याचाच अभिमान.

कर्तव्याच्या पलीकडचं काही माणूस करतो, तेव्हा ते दान असतं. ते मागता येत नाही. पण ज्या व्यवस्थेने शस्त्रधारी माणसासमोर लाठीवाला उभा केला, तिने त्या दानावरच हिशेब मांडला ना? दान गृहीत धरलं की त्याची वसुली होते.

इथे मी स्वतःलाच अडवते. साधं, मऊ थरांचं जॅकेट पिस्तुलाची गोळी थांबवतं. एके-४७ची गोळी अडवायला आत सिरॅमिकची किंवा पोलादी प्लेट लागते. 'बुलेटप्रूफ' हा शब्दच थोडा थापाड्या आहे. मान, खांदे, चेहरा उघडेच राहतात. त्याच रात्री हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. थोड्याच वेळात कामा रुग्णालयाजवळ ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. शिवाय प्लेटवालं जॅकेट म्हणजे अंगावर सात-आठ किलो किंवा जास्तच. मुंबईच्या दमट हवेत ते घालून बारा तास उभं राहायचं. पप्पा म्हणतात, त्यांना एकदा मिळालेलं, दुपारपर्यंत खुर्चीच्या पाठीला लटकलं.

मग जॅकेटने ओंबळे वाचले असते का? तसं मी म्हणू शकत नाही. पण ते द्यायला हवं होतं, हे या उत्तरावर अवलंबून नाही, एवढं मला कळतं. आपण कुणाला आपल्यासाठी पुढे उभं करतो, तेव्हा त्याच्या जिवाची फिकीर करणं हे देणं असतं. वाचेल याची खात्री नसली तरी.

आणि देणं नंतरही संपत नाही. कविता करकरेंनी नवऱ्याच्या जॅकेटबद्दल माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा कळलं की ते गहाळ झालंय. विचार करा. शहीद म्हणायला आपण एका मिनिटात तयार. त्याच्या अंगावरची वस्तू जपून ठेवणं मात्र जमलं नाही. ती निकृष्ट होती की चांगली, हे तपासायची सोयच उरली नाही. पुतळ्याला हार घालताना असे प्रश्न अडचणीचेच वाटतात.

कॅप्शन मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. लाठीशिवाय ते सपक वाटत होतं, हे कबूल करते. शेवटी भावाने स्वतःच लिहिलं. लाठी होतीच त्यात, पुढे आगीचे दोन इमोजी. मीही खाली बदाम टाकला. मग फोन करून विचारलं, "तुला जॅकेट दिलं, तर उकडतंय म्हणून काढून ठेवशील?"

"ताई, आधी भरती तर होऊ दे," तो म्हणाला.