वरचा सांधा

घाई नसेल तेव्हाच हे करा. टोयोटा टॅकोमा सपाट जमिनीवर उभी आहे, इंजिन थंड आहे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, म्हणजे चाकामागची जागा मोकळी होईल. मग खाली बसा आणि आत बघत राहा. खाली जाडजूड लोअर आर्म दिसेल, त्यावर कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर उभे. लोअर आर्मच्या वरच्या बाजूला एक सडपातळ आर्म आहे. आतल्या टोकाला तो बुशांवर फिरतो, बाहेरच्या टोकाला एका गोळ्यावर. आज आपलं सगळं लक्ष त्या गोळ्याकडे असू द्या.

आता डोळे मिटा. एक हात बाजूला, खांद्याच्या रेषेत आडवा धरा. तो थोडा वर न्या, थोडा खाली आणा. काही त्रास नाही. आता तोच हात हळूहळू वर नेत राहा, अगदी अडेपर्यंत. तिथे थांबा. आधी किती मोकळीक होती आणि इथे ती कशी संपली, ते जाणवू द्या. खांदा उखळीचा सांधा आहे, आणि आर्मच्या टोकाचा तो गोळा, म्हणजे बॉल जॉइंटही तसाच. कारखान्यातून निघालेल्या ट्रकचा हा गोळा त्याच्या हालचालीच्या साधारण मधोमध राहून काम करतो. लिफ्ट किट लावून पुढचा भाग तीन इंच उचलला की फ्रेम वर जाते, चाक जमिनीवरच राहतं. आर्म बाहेरच्या बाजूला खाली झुकतो. आता ट्रक नुसता उभा असला, तरी सांधा मधोमध राहिलेला नसतो.

इथून पुढे चाक खड्ड्यात लोंबकळलं की काय होईल, ते मनातल्या मनात सावकाश चालू द्या. सांधा आपल्या कडेला टेकतो. शॉक जास्त लांब घेतला असेल, तर मूळ आर्म स्प्रिंगला घासायलाही लागतो. म्हणून नवा वरचा आर्म विकत घेण्याआधी आपल्याला विचारायचं ते एवढंच: चाक पूर्ण खाली गेल्यावर या गोळ्याला किती जागा उरते? दोन इंचांपर्यंतच्या लिफ्टला मूळ आर्म बऱ्याचदा चालून जातो. तेवढ्यावरच थांबायचं असेल, तर पैसे खर्च करू नका. मी हे मनापासून सांगतो.

ओझ्याचाही नीट विचार करा. स्प्रिंग लोअर आर्मवर उभी आहे, म्हणजे गाडीचा भार खालून जातो. वरचा सांधा चाकाचा माथा धरून ठेवतो: ब्रेक मारताना, वळताना, दगडावर आपटताना. भार कमी म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरत नाही. तो सुटला, तर चाकाचा माथा कलंडतो आणि स्टिअरिंग हाती राहत नाही.

आता दोन सांधे शेजारी ठेवा. पहिला सीलबंद बॉल जॉइंट. त्याचा गोळा ग्रीसमध्ये बुडालेला असतो आणि त्यावर रबरी बूट असतो. तो आवाज करत नाही, धूळ-पाणी आत येऊ देत नाही. लिफ्टसाठी बनवलेल्या आर्ममध्ये तो जास्त कोनात बसवलेला असतो, त्यामुळे झुकलेल्या आर्मवरही त्याला मोकळीक मिळते. दुसरा युनिबॉल. यात पोलादी गोळा पोलादी कड्यात बसतो आणि मध्ये टेफ्लॉनचा पातळ थर असतो. त्याची हालचाल मोठी असते. 1967 पासून मेक्सिकोत होणाऱ्या बाहा 1000 सारख्या शर्यतींतले ट्रक असेच सांधे वापरतात. पण बहुतेक युनिबॉल उघडे असतात. वाळू त्या थरात शिरते, थर झिजतो, आणि एके दिवशी खडखड ऐकू येते. त्यावर ग्रीस चोपडण्याचा मोह टाळा, कारण ग्रीसला वाळू चिकटून बसते. एक गोष्ट मात्र युनिबॉलच्या बाजूची आहे: सर्कलिप काढून, प्रेसवर जुना गोळा दाबून नवा बसवता येतो, आर्म तोच राहतो.

इथे जरा जास्त वेळ थांबा. तुमचा ट्रक राहतो कुठे? मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं. उघड्या पोलादाला ते खातं. तिथे रोज कामावर जाणाऱ्या टॅकोमाला मी सीलबंद बॉल जॉइंटच लावेन आणि रबरी बूट फाटलेला नाही ना, एवढं बघत राहीन. यूटामधल्या मोआबच्या लाल दगडांवर दर सुट्टीला चाकं हवेत लोंबकळत असतील आणि परतल्यावर सांधा धुऊन-पुसून ठेवायची तुमची तयारी असेल, तर युनिबॉल घ्या. शर्यतीतला ट्रक डोळ्यांपुढे आणून आठवडाभर ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा सांधा निवडू नका. माझा आग्रह आहे तो इथेच.

आतल्या टोकाकडेही वळा. रबरी बुश पिळला जाऊन हालचाल देतो, म्हणून गाडी चाकांवर उभी असतानाच त्याचा बोल्ट पूर्ण कसायचा. जॅकवर, चाक लोंबकळत असताना कसला, तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पॉलियुरेथेनच्या बुशला वेळोवेळी ग्रीस लागतं, नाहीतर तो करकरतो.

मग अलाइनमेंट. लिफ्टमुळे कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हायवेवर गाडी भटकते. नवा आर्म चाकाचा माथा थोडा मागे घेतो आणि तो कॅस्टर परत मिळवून देतो. अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर दोन्ही बाजूंना तीन-चार अंशांच्या आसपास ठेवायला सांगा आणि छापील आकडे मागून घ्या. काहीशे मैलांनंतर चाक उचला, वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. ढिलेपणा (प्ले) जाणवला, तर दुसऱ्याला चाक हलवायला सांगून स्वतः आत बघा: हलतोय तो वरचा सांधा, खालचा, की चाकाची बेअरिंग?