राउटरची शेजपाळी

बोईसरमध्ये रात्र सगळ्यांची एकाच वेळी होत नाही. तारापूर एमआयडीसीत कुणी सातच्या पाळीला जातो, कुणी तीनच्या, कुणी रात्री अकराच्या. भाड्याच्या एका खोलीत अशी तिघं-चौघं राहतात तेव्हा एकाची झोप, दुसऱ्याची आंघोळ आणि तिसऱ्याचा डबा भरणं एकदमच चालू असतं. त्यांचा एकमेकांशी हिशेब चोख असतो. सिलिंडर कुणी आणला, दुधाचे किती झाले, लाइटबिल कोण भरणार, सगळं लिहिलेलं. वायफायचे पैसेही समान वाटून घेतात. ते वापरायचं कुणी किती, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि मग एकजण लॅपटॉपवर सिनेमा उतरवायला टॉरंट लावून कामावर जातो. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला आलेला पोरगा गावी व्हिडिओ कॉल लावतो. आईचा आवाज येतो, तोंड जागच्या जागी थिजलेलं. ‘ऐकू येतंय का?’ हे वाक्य दोन्हीकडून चार वेळा होतं आणि कॉल कटतो. कोपऱ्यातल्या लॅपटॉपचा दिवा लुकलुकत असतो. लॅपटॉपवाला तिकडे प्लांटवर. ‘रात्री लाव, तेव्हा कुणी वापरत नाही,’ हा नेहमीचा सल्ला इथे चालत नाही, कारण कुणीच वापरत नाही अशी वेळ या खोलीत नसते.

लाइन नक्की कुठे तुंबते, हे पाहिल्याशिवाय यातलं बरंवाईट कळत नाही. 2001 साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने टॉरंटमागची, बिटटॉरंट नावाची पद्धत काढली. तिच्यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही. शेकडो अनोळखी संगणकांकडून तिचे तुकडे येतात आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपला संगणक इतरांना देत सुटतो. तुंबारा बहुतेक वेळा या देण्याने होतो. टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड असो की मोबाइल टॉवरवरून घेतलेलं नेट, वर जाणारा रस्ता खाली येणाऱ्या रस्त्यापेक्षा बराच अरुंद असतो. आलेल्या माहितीची पोच द्यायलाही तोच रस्ता लागतो. तो भरला की खालची लाइन रिकामी असूनही सगळ्यांचंच नेट रांगायला लागतं.

टॉरंटवाल्यांचा स्वतःचा असा एक धर्म आहे: घेतलंस तर देसुद्धा, फुकट घेऊन पसार होऊ नकोस. फाइल उतरून झाल्यावरही सीडिंग, म्हणजे ती इतरांना देणं, चालू ठेवणारा त्यांच्यात भला माणूस. तत्त्व म्हणून मला ते आवडतं. पण कुठल्या तरी अनोळखी माणसाला सिनेमाचे तुकडे पोचवताना बाजूच्या गादीवरच्या सोबत्याचा आईशी चाललेला कॉल तुटत असेल, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं. दान ज्यातून होतंय त्यात चौघांचे पैसे आहेत.

म्हणजे आवर घालायला हवा. पण तो कुणी घालायचा आणि कसा?

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो त्या खोलीचा पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारा. घराघरांतही हेच; तिथे पासवर्ड बहुधा बापाकडे किंवा थोरल्या मुलाकडे असतो. पहिला मोह होतो तो गुपचूप बंद करण्याचा. अमेरिकेत कॉमकास्ट या बड्या इंटरनेट कंपनीने नेमकं तेच केलं. ती ग्राहकांची टॉरंटची जोडणी चोरून तोडत असल्याचं 2007 साली उघड झालं, तेही दोन्ही संगणकांना खोटा निरोप धाडून, जणू समोरच्यानेच संबंध तोडला. असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी खात्री करायला टॉरंटवरून बायबल उतरवून पाहिलं, तर त्यातही अडथळा आला. पुढच्या वर्षी तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपनीला फटकारलं. तो आदेश 2010 साली न्यायालयात टिकला नाही, आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून. पण तोवर कंपनीने पद्धत बदलली होती. काय वापरता ते न बघता, गर्दीच्या वेळी जो जास्त ओढतो त्याचा वेग तेवढ्यापुरता कमी करायचा. आपल्याकडेही दूरसंचार नियामक ट्रायच्या 2017च्या शिफारशी सरकारने 2018मध्ये मान्य केल्या. कंपन्यांनी मजकुरात भेदभाव करायचा नाही, वाहतुकीचं वाजवी नियमन मात्र चालेल. घराला हा नियम लागू नाही. पण जे कंपनीने केलेलं आपल्याला खपत नाही, ते आपल्या खोलीत का खपावं?

हा धडा घ्यायला खरं तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पालघर-डहाणूच्या शेतकऱ्याला सूर्या प्रकल्पाचे कालवे माहीत आहेत. धामणी आणि कवडासचं पाणी सिंचनासाठी म्हणून अडवलं. त्यातलंच रोज 403 दशलक्ष लिटर वसई-विरार आणि मिरा-भाईंदरकडे नेण्याची योजना झाली. त्या वाटपाचं भांडण वेगळं आणि मोठं आहे. मला इथे कालव्यावरचा कायदा आठवतो. पूर्वी पाणी हवं तर सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि पीक कोणतं ते सांगायचं, मंजुरी पिकाला. 2005च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं ठरलं, आणि त्यात भात लावा की भाजी, ती तुमची मर्जी. शेजपाळी लागते, प्रत्येकाची पाळी आणि तास आधीच सगळ्यांना माहीत असतात.

खोलीतही हेच करावं. टॉरंट सरसकट बंद करायला गेलात तर तो दुसऱ्या पोर्टवरून, गुप्तलिपीत निघून जातो. मग लपंडाव सुरू. शिवाय लिनक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर रीतसर टॉरंटवरूनही मिळतात, तीही अडतात. त्यापेक्षा क्यूबिटटॉरंटसारख्या प्रोग्राममध्ये वर जाण्याच्या वेगाला मर्यादा घालता येते, वेळापत्रकही लावता येतं. कोण काय बघतो याची यादी राउटरमध्ये चाळत बसण्याचं मग कारण उरत नाही.

एक अडचण मात्र मोजमापाने सुटत नाही. कनेक्शन एकाच्या नावावर असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आणि टॉरंटवर सिनेमा घेणारा नुसता प्रेक्षक राहत नाही, तो वाटपही करतो. विचारपूस आली तर ती आधी बिलावरच्या नावाकडे येणार. त्यामुळे ‘माझ्या नावावर पायरसी नको’ म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण ते जेवताना तोंडावर सांगावं. सेटिंग बदलून ‘आज नेटच स्लो आहे रे’ म्हणणं म्हणजे कॉमकास्टचाच खोटा निरोप.

आणि कालव्याचा आणखी एक दंडक घ्यावा: पाणी टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सोडायचं. खोलीतला टेल म्हणजे सगळ्यात नवा पोरगा. पैसे बरोबरीने भरतो, राउटरचा पासवर्ड त्याला माहीत नसतो, बोलायला भीड वाटते. त्याच्या कॉलची वेळ आधी लिहा, मग लॅपटॉपचा वेग ठरवा. लॅपटॉपवाला कुरकुरला तर त्याला स्वतःचं वेगळं कनेक्शन घ्यायची मोकळीक आहेच. बिल त्याचं त्याने भरावं.