तीर्थांचे तीर्थ : श्रीक्षेत्र कुंभकोणम येथील पवित्र तळी

‘तीर्थ’ या शब्दाच्या मुळाशी तरून जाण्याचा अर्थ आहे. नदीला जेथे सुखरूप उतार मिळतो आणि पलीकडच्या तीरास जाता येते, ते तीर्थ. पुढे या अर्थाचा विस्तार झाला आणि ज्याच्या आश्रयाने जीव भवसागर तरून जातो, त्या प्रत्येक पवित्र जलस्थानास तीर्थ म्हणण्याची प्रथा पडली. दक्षिण भारतातील थोर देवस्थानांत मंदिराच्या पुष्करिणीला गाभाऱ्याच्या खालोखाल मान दिला जातो, तो याच भावनेने. अशा पुष्करिणींची कथा सांगताना ज्या नगरीचे नाव अग्रभागी येते, ती नगरी म्हणजे श्रीक्षेत्र कुंभकोणम होय.

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, तंजावर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर हे क्षेत्र वसले आहे. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस तिचाच फाटा असलेली अरसलार नदी, अशा दोन प्रवाहांच्या मधल्या सुपीक भूमीत ही मंदिरांची नगरी आहे. मराठी भाविकास हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याचा संबंध या भूमीशी राहिला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचावयास मिळतो. कुंभकोणमनजीक गोविंदपुरम येथे तर प्रत्यक्ष विठ्ठल-रखुमाईचे मंदिर उभे आहे.

कुंभाची कथा

क्षेत्राचे नाव ज्या कुंभावरून पडले, त्याची कथा अशी सांगतात. प्रलयकाळ जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात भरून ठेवले. प्रलयाच्या लाटांवर तरंगत तो कुंभ दक्षिणेस आला आणि या भूमीवर स्थिरावला. तेव्हा भगवान शंकरांनी किराताचे रूप घेऊन बाण सोडला व तो कुंभ फोडला. सांडलेले अमृत दोन ठिकाणी साठले. त्यांतील एक महामहम तळे आणि दुसरे पोट्रामरै, म्हणजे सुवर्णकमळाचे तळे. अमृताने भिजलेल्या वाळूचे लिंग झाले, तेच आदिकुंभेश्वर.

या कथेचा भावार्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. अमृत कुंभात होते तोवर ते सुरक्षित होते, पण कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. कुंभ फुटला, अमृत जमिनीवर आले, त्याचे तळे झाले, तेव्हा ते राव-रंक सर्वांचे झाले. देवाने जे सर्वांसाठी मोकळे केले, ते सर्वांसाठी निर्मळ राखणे हे मनुष्याचे काम उरले.

नऊ नद्यांचे गाऱ्हाणे

महामहम तळ्याची दुसरी कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, शरयू आणि कावेरी या नऊ नद्या एकदा कन्यारूप घेऊन भगवान शंकरांकडे गेल्या. त्यांचे गाऱ्हाणे एकच होते. पृथ्वीवरचे लोक आमच्यात स्नान करतात, आपली पापे आमच्यात सोडतात आणि शुद्ध होऊन घरी जातात. परंतु त्या पापांचे ओझे घेऊन आम्ही कोठे जावे? भगवंतांनी त्यांना सांगितले की, कुंभकोणमच्या तळ्यात महामहमच्या पर्वावर स्नान करा, तुम्ही पुन्हा निर्मळ व्हाल. तळ्याच्या उत्तर काठी काशीविश्वनाथाचे मंदिर आहे. तेथे या नवकन्यांच्या मूर्ती आहेत. भाविकांनी त्यांचे दर्शन आवर्जून घ्यावे.

इतर क्षेत्रांच्या कथांत मनुष्य आपले दुःख देवाला सांगतो. येथे तीर्थानेच देवाजवळ मनुष्याविषयी तक्रार केली आहे. जी माता लेकरांचे मळलेले कपडे धुते, तिचेही हात थकतात, हे लेकरांना कळावे म्हणूनच जणू पूर्वजांनी ही कथा जपली.

गोदावरीचा प्रवास

महाराष्ट्रातील भाविकास या कथेत आपली गोदामाई भेटते. बृहस्पती साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत येतो. तो सिंहेत असताना सूर्यही सिंहेत आला, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थाच्या पर्वण्या होतात. त्याच बृहस्पतीच्या काळात काही महिन्यांनी सूर्य समोरच्या कुंभ राशीत जातो आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र सिंहेतील मघा नक्षत्रावर येतो. त्या वेळी कुंभकोणम येथे महामहम साजरा होतो. तमिळ भाषेत मघा नक्षत्रास ‘मकम’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. दरवर्षी तमिळ मासी महिन्यात मघा नक्षत्रावर मासी मकम होतो, आणि बारा वर्षांनी येणारा तो महामहम.

म्हणूनच नाशिकला २००३ साली सिंहस्थ झाला आणि कुंभकोणमला ६ मार्च २००४ रोजी महामहम. नाशिकला २०१५ साली पर्वण्या झाल्या आणि कुंभकोणमला २२ फेब्रुवारी २०१६ रोजी महामहम. पुढील योग अनुक्रमे २०२७ आणि २०२८ सालचा. कथेच्या भाषेत बोलावयाचे तर सिंहस्थात रामकुंडावर लक्षावधी लोक गोदावरीच्या ओटीत जे टाकतात, ते घेऊन ती काही महिन्यांनी कुंभकोणमला जाते. नाशिकला स्नान करताना आपण मातेच्या खांद्यावर किती भार ठेवत आहोत, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारून पाहावे.

तळ्याचे स्वरूप

महामहम तळे नगराच्या मध्यभागी असून त्याचा विस्तार सुमारे सहा एकर आहे. चहू बाजूंनी दगडी पायऱ्या असून काठावर १६ लहान मंडप उभे आहेत. तळ्याच्या पोटात २० विहिरी असून प्रत्येक विहीर हे एक स्वतंत्र तीर्थ मानले जाते. त्यांत गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी अशी नद्यांची नावे आहेत, तशीच इंद्र, अग्नी, यम, वरुण, वायू, कुबेर अशी दिक्पालांचीही आहेत. महामहमच्या दिवशी भाविक या विहिरींचे पाणी क्रमाने अंगावर घेतात, नंतर पोट्रामरै तळ्यात आणि शेवटी कावेरीत स्नान करून यात्रा पूर्ण करतात. त्या दिवशी नगरातील शिवमंदिरांच्या उत्सवमूर्ती वाजतगाजत तळ्याच्या काठी येतात, तर विष्णुमंदिरांच्या मूर्ती कावेरीच्या घाटावर जातात. भक्ताबरोबर देवही स्नानाला येतो, असा हा सोहळा आहे.

काठावरचे मंडप बांधण्याचे श्रेय परंपरेने गोविंद दीक्षित यांना दिले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत तंजावरच्या नायक राजांचे ते विद्वान मंत्री होते. तुलादानात मिळालेले सोने त्यांनी या कामी लावले, अशी आख्यायिका आहे. सोने तिजोरीत न ठेवता पाण्याच्या काठी दगडांत ओतणारा मंत्री आजही नगराच्या स्मरणात आहे.

सुवर्णकमळाचे तळे

पोट्रामरै तळे आदिकुंभेश्वर आणि सारंगपाणी या दोन मंदिरांच्या मधल्या भागात आहे. श्रीसारंगपाणीचे मंदिर वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक असून त्याचे राजगोपुर अकरा मजल्यांचे आहे. भृगू ऋषींनी भगवान विष्णूंच्या वक्षःस्थळी लत्ताप्रहार केला आणि रुष्ट झालेली लक्ष्मी करवीरास आली, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा उत्तरार्ध कुंभकोणमला सांगतात. भृगूंनी हेमऋषी म्हणून पुन्हा जन्म घेतला आणि लक्ष्मी आपल्या पोटी कन्या म्हणून यावी यासाठी तप केले. पोट्रामरै तळ्यातील कमळांत त्यांना एक बालिका सापडली. तिला त्यांनी कोमलवल्ली या नावाने वाढविले. यथाकाल भगवान रथातून आले आणि त्यांनी तिचे पाणिग्रहण केले. म्हणून येथील गर्भगृह रथाच्या आकाराचे आहे.

ज्या माउलीचा ऋषींकडून अपमान झाला, तिला त्यांनी तळ्याकाठी लेकीप्रमाणे सांभाळले. एक डुबकी मारून त्यांनी सुटका करून घेतली नाही. प्रायश्चित्त म्हणजे काय, हे या कथेहून स्पष्ट कोठे सांगितले असेल?

क्षणाचा मोह

पर्वकाळाचे महत्त्व शास्त्राने सांगितले आहे, परंतु त्या क्षणाचा मोह घातक ठरतो, हेही भाविकांनी विसरू नये. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमच्या स्नानाच्या वेळी याच तळ्याकाठी चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक भाविकांनी प्राण गमावले. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थातही तशीच दुर्घटना होऊन ३९ जणांचा अंत झाला. ते सर्व पुण्य जोडण्यासाठीच घरून निघाले होते. पुढच्या माणसास लोटून मिळविलेल्या स्नानात पुण्य कसे असेल? ज्याच्या पाठीवर आपला हात पडतो, त्याच्याही हृदयात तोच कुंभेश्वर वसतो.

२०१६ साली उत्सवाचा आरंभ १३ फेब्रुवारीस झाला आणि २२ फेब्रुवारीपर्यंत लोक रोज स्नानास येत राहिले. मुख्य दिवशीच जाण्याचा अट्टाहास न धरता आधीच्या दिवशी स्नान करणाऱ्याचे पुण्य कमी होत नाही. वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले ज्यांच्यासोबत आहेत, त्यांनी तर हा विवेक अवश्य बाळगावा. मागे थांबून दुसऱ्यास वाट देणे, हेही एक स्नानच आहे.

कुंभकोणमचे पाप

या क्षेत्राविषयी एक जुने वचन प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, अन्यत्र केलेले पाप पुण्यक्षेत्री नष्ट होते, पुण्यक्षेत्री केलेले पाप वाराणसीत नष्ट होते, वाराणसीत केलेले कुंभकोणमला नष्ट होते आणि कुंभकोणमला केलेले पाप कुंभकोणमलाच नष्ट होते. काही जण याचा अर्थ मोकळीक असा घेतात. शेवटी सर्व धुऊन जाणार असेल, तर भय कशाचे, असे त्यांना वाटते.

परंतु वचनाचा शेवट नीट पाहिला तर तो मोठा इशारा आहे. कुंभकोणमपलीकडे आणखी एखादे तीर्थ वचनाने सांगितलेले नाही. तेथे जे बिघडेल ते तेथेच निस्तरावे लागेल. दुसऱ्या गावाच्या पाण्यावर तो भार ढकलता येणार नाही. ज्याने तळ्यात घाण टाकली, त्यानेच ती आपल्या हाताने काढावी, हाच त्याचा सरळ अर्थ होय. आणि विचार करता, हा नियम एका कुंभकोणमपुरता कसा असेल? आपल्या गावचे कुंड, देवळामागची बारव, नदीचा घाट, सर्वांना तो सारखाच लागू आहे.

पूर्वीच्या राजांनी व मंत्र्यांनी पायऱ्या बांधल्या. कावेरीच्या खोऱ्यात नदीचे पाणी पाटांनी देवळांच्या तळ्यांपर्यंत आणण्याची व्यवस्था केली. तळ्यात पाणी असले की भोवतालच्या विहिरींनाही पाणी राहते. पाट बुजला, त्यावर घरे उठली, गाळ साचला, की तळे कोरडे पडते आणि देवाला स्नानासाठी पाणी उरत नाही. पाटातील गाळ काढणाऱ्या मजुराचे पुण्य मंडप बांधणाऱ्या मंत्र्याहून उणे नाही.

दर्शनार्थी भाविकांनी म्हणून पुढील आचार पाळावा. तळ्यात उतरण्यापूर्वी पाण्यास हात जोडावेत. साबण, तेल, शिकेकाई पाण्यात वापरू नये. तेथे कपडे धुऊ नयेत व अंगावरची जुनी वस्त्रे पाण्यात सोडू नयेत. फुले, हळदकुंकू, द्रोण आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यात न टाकता काठावर योग्य जागी ठेवाव्यात. जेथे स्नानाची सोय नसेल अथवा पाणी कमी असेल, तेथे थोडे पाणी मस्तकी शिंपडावे. श्रद्धेने घेतलेले चार थेंबही पुरे होतात. आणि परतताना आपण टाकलेले नसले तरी पायरीवरचे एखादे निर्माल्य उचलून बाहेर न्यावे.

संकल्प करताना आपण देश, काळ, गोत्र आणि नाव उच्चारतो. त्याच संकल्पात मनोमन एवढे आणखी जोडावे की, या तीर्थातून जेवढी निर्मळता घेईन, तेवढी त्याची निर्मळता राखीन. असे प्रत्येकाने केले, तर बारा वर्षांनी गोदामाई आपल्या आठ भगिनींसह कुंभकोणमच्या तळ्यावर येईल तेव्हा तिच्या खांद्यावरचा भार थोडा हलका असेल. मग तिला गाऱ्हाणे सांगावयास यावे लागणार नाही. ती केवळ माहेरपणास येईल.

॥ शुभं भवतु ॥