दात्याकडे तक्रार

ज्याने जीव दिला त्याच्याकडे तक्रार करावी काय? रक्ताच्या कर्करोगानंतर मला थोरल्या बहिणीच्या मूळपेशी मिळाल्या. माझा रक्तगटही बदलून तिचा झाला. या उपचारासाठी १९९० साली डॉ. डोनाल थॉमस यांना नोबेल मिळाले. पण तिच्याच पांढऱ्या पेशींनी माझ्या अश्रुग्रंथी परक्या ठरवल्या. डोळे कोरडे पडले. वाळू गेल्यासारखे टोचतात, दिवा सोसत नाही. तासातासाला कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरीनचे थेंब, अश्रुमार्गात बसवलेली इवलीशी बुचे. पंख्याखाली बसणे बंद. (आमच्याकडे अश्रू आता बाटलीतून येतात!) शिवाय माझ्या रक्तातल्या सीरमचे थेंब; म्हणजे औषधालाही तिच्या पेशींनी घडवलेलेच रक्त.

डॉक्टर म्हणतात, उरलेल्या कर्करोगपेशींना मारणारी शक्तीच डोळ्यांनाही पोळते. मग वर कुठला आणि शाप कुठला?

घरचे म्हणाले, "अक्कांना सांगू नका, अपराधी वाटेल." मला हे पटेना. दात्याला देव्हाऱ्यात बसवले की बोलणेच खुंटते. तिच्या देण्याचे पुढे काय झाले, हे कळण्याचा हक्क तिचाच. मी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं रक्त भांडखोरच की रे पहिल्यापासनं. थेंब वेळेवर घालतोस न्हवं?"